ब्लॅकजॅकमध्ये एकाच वेळी दोन हात खेळणे : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी बेळगावहून निघायचे, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि संध्याकाळी पणजीला मांडवीच्या काठावर पोहोचायचे, हा प्रवास आपल्या भागातील अनेक तरुणांच्या अंगवळणी पडला आहे. त्यांपैकी काही जण मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-बोटींवर जातात आणि परत आल्यावर माझ्याकडे प्रश्न घेऊन येतात, कारण मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि संभाव्यता हा माझा आवडता विषय आहे. या प्रश्नांतला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न ब्लॅकजॅकमध्ये एकाच वेळी दोन हात खेळण्याचा आहे. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसच्या पुढे न जाता, कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा मोठी बेरीज करण्याचा पत्त्यांचा खेळ. कोणाला खेळायला पाठवण्यासाठी ही उत्तरे लिहिलेली नाहीत. जो जाणारच आहे, त्याने निदान हिशेब समजून बसावे, एवढ्यासाठी ती लिहिली आहेत.

दोन हात खेळणे म्हणजे नेमके काय? स्प्लिट करणे म्हणजे तेच का?

नाही. येथे 'हात' म्हणजे एका पैजेवर वाटलेले पत्ते आणि 'डाव' म्हणजे डीलरने पत्ते वाटल्यापासून सर्व पैजा फेडेपर्यंतची एक पूर्ण फेरी, असे धरावे. दोन हात खेळणे म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वीच टेबलावरील दोन चौकटींत दोन स्वतंत्र पैजा ठेवणे. स्प्लिटमध्ये सुरुवातीला पैज एकच असते. हातात सारख्या किमतीचे दोन पत्ते आले, उदाहरणार्थ दोन अठ्ठ्या आल्या, तर तेवढीच दुसरी पैज ठेवून त्यांचे दोन हात करता येतात. स्प्लिट पत्ते पाहून करायचा असतो, म्हणून योग्य जागी तो फायद्याचा ठरतो. दुसरा हात मात्र पत्ते न पाहताच घ्यावा लागतो.

दोन हातांसाठी अनेक कॅसिनोंत वेगळा नियम असतो. काही ठिकाणी प्रत्येक हातावर टेबलाच्या किमान पैजेच्या दुप्पट रक्कम लावावी लागते, तर काही ठिकाणी किमान पैज पुरते. बसण्यापूर्वी हे डीलरला विचारावे, त्यात कमीपणा नाही.

दोन हात घेतले की एक तरी लागतोच, हे खरे आहे ना?

हाच समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. 'एक बुडाला तरी दुसरा तारेल' असे म्हणणारा मनुष्य दोन्ही हात एकमेकांपासून वेगळे आहेत असे गृहीत धरतो. ते तसे नसतात, कारण दोन्ही हातांची लढत डीलरच्या एकाच हाताशी असते.

आपल्या शेतकरी वाचकांसाठी सोपे उदाहरण देतो. एका शेतकऱ्याचे एक शेत खानापूरकडे पावसावर भात पिकवणारे आहे आणि दुसरे निपाणीकडे तंबाखूचे आहे. एका वर्षी एक पीक गेले तरी दुसरे हाती लागण्याची शक्यता चांगली असते, कारण दोन्हींचे हवामान, जमीन आणि बाजार वेगळे आहेत. दुसऱ्या शेतकऱ्याची दोन शेते आहेत, पण दोन्ही एकाच विहिरीवर भिजतात. विहीर आटली की दोन्ही वाळतात. ब्लॅकजॅकमधील दोन हात म्हणजे एका विहिरीवरची दोन शेते आहेत आणि डीलरचे पत्ते ही ती विहीर आहे.

डीलरने आपला हात पूर्ण खेळला, तर शंभर डावांत सुमारे २८ वेळा तो एकवीसच्या पुढे जाऊन बस्ट होतो. अशा वेळी तुमचे जे हात त्याआधी बस्ट झालेले नाहीत ते सर्व जिंकतात. उलट शंभरांत सुमारे ३० वेळा डीलरकडे वीस किंवा एकवीस होतात आणि मग तुमचे अठरा आणि एकोणीस असे दोन बरे दिसणारे हातही एका झटक्यात जातात. म्हणून एकाच डावातील दोन हातांच्या निकालांचा सहसंबंध ०.३५ ते ०.४ इतका भरतो. पूर्ण स्वतंत्र गोष्टींचा सहसंबंध शून्य असतो आणि पूर्ण जोडलेल्यांचा एक.

बरोबरीचे डाव धरून एक हात हरण्याची शक्यता शंभरांत सुमारे ४८ असते. दोन्ही हात स्वतंत्र असते, तर दोन्ही एकदम हरण्याचा प्रसंग साधारण चार डावांत एकदा आला असता. प्रत्यक्षात तो त्याहून जास्त वेळा येतो. 'एक तरी लागतोच' या समजावर विसंबून जास्त पैसे लावणाऱ्याला हाच प्रसंग महागात पडतो.

दोन हातांमुळे कॅसिनोचा फायदा कमी होतो का?

होत नाही, वाढतही नाही. पूर्वीच्या जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून उघडपणे नाल, म्हणजे आपला वाटा, काढत असे. कॅसिनोची नाल दिसत नाही, ती नियमांतच असते. खेळाडू आधी खेळतो, तो बस्ट झाला की त्याची पैज लगेच उचलली जाते आणि नंतर डीलर बस्ट झाला तरी ती परत मिळत नाही. एवढ्या एका नियमातून कॅसिनोचा नफा निघतो.

नियम चांगले असतील आणि खेळाडू मूळ तक्त्याप्रमाणे (कोणत्या हातावर काय करावे हे सांगणारा तक्ता) अचूक खेळत असेल, तर ही नाल पैजेच्या सुमारे अर्धा टक्का असते. हा तक्ता १९५६ मध्ये रॉजर बाल्डविन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या गणितातून पुढे आला, अंदाजाने बनवलेला नाही. मनाला येईल तसे खेळणाऱ्याकडून सरासरी दोन टक्के किंवा त्याहून अधिक जाते. १,००० रुपयांच्या एका हातावर अचूक खेळाडूचा सरासरी तोटा ५ रुपये धरला, तर तेवढ्याच पैजेच्या दोन हातांवर तो १० रुपये होतो. टक्केवारी तीच राहते, मात्र जिच्यावर ती लागते ती रक्कम दुप्पट होते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट टेबलाच्या कापडावर छापलेली असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता मिळून होणाऱ्या ब्लॅकजॅकला तीनास दोन दराने पैसे मिळतात की सहास पाच दराने, हे आधी पाहावे. पहिल्या दराने १,००० रुपयांवर १,५०० मिळतात आणि दुसऱ्या दराने १,२००. सहा कॅटांच्या खेळात ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा येतो. म्हणजे हे ३०० रुपयांचे नुकसान एकवीस हातांत वाटले तर प्रत्येक हातावर सुमारे १४ रुपये भरते. मूळ नाल ५ रुपये होती, ती आता १९ च्या आसपास गेली. सहास पाच दराच्या टेबलावर एक हात खेळावा की दोन, हा प्रश्नच उरत नाही. तेथे बसू नये.

१,००० रुपयांचे दोन हात बरे की २,००० रुपयांचा एक?

एकूण २,००० लावायचेच असतील, तर दोन हात बरे. चढउतार मोजण्यासाठी गणितात प्रमाण विचलन वापरतात, ज्याला शाळेत आपण सरासरीपासूनचे अंतर म्हणून शिकतो. एका हाताचे प्रमाण विचलन पैजेच्या सुमारे १.१४ पट असते. त्यामुळे २,००० च्या एका हाताला ते २,२८० रुपये येते. १,००० च्या दोन हातांना, सहसंबंध धरून, ते सुमारे १,८९० येते. दोन्ही हात खरोखर स्वतंत्र असते तर ते १,६१० च्या जवळ आले असते. या दोन आकड्यांतील २८० रुपयांचा फरक ही त्या एका विहिरीची किंमत आहे.

पण वाचक बहुतेक वेळा हा प्रश्न विचारत नाही. तो आधी १,००० चा एक हात खेळत असतो आणि आता 'धोका वाटून घेण्यासाठी' १,००० चेच दोन खेळायचे म्हणतो. त्यात धोका वाटला जात नाही, १,१४० वरून १,८९० वर जातो. धोका पूर्वीइतकाच ठेवून दोन हात खेळायचे असतील, तर प्रत्येक हातावरील पैज पूर्वीच्या ६० टक्के, म्हणजे ६०० रुपये ठेवावी लागते. मग विचलन १,१३० च्या आसपास येते. मात्र तेव्हाही एकूण पैज १,२०० झालेली असते आणि प्रत्येक डावाची सरासरी नाल ५ ऐवजी ६ रुपये लागते.

एवढ्यासाठीच मी विचारणाऱ्याला एक वाक्य कागदावर लिहून देतो : दुसरा हात घ्यायचा असेल तर पहिल्यावरची पैज आधी कमी करा. बहुतेकांना ते पटते, पण टेबलावर बसल्यावर पैज कमी करणारे थोडेच भेटतात.

टेबलावर मी एकटाच असेन तर? आणि टेबल भरलेले असेल तर?

या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाही, पण पैशांचा मोठा फरक येथेच पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रत्येक हातासाठी, डीलरचा धरून, सरासरी २.७ पत्ते लागतात. सहा कॅटांचे ३१२ पत्ते होतात आणि समजा त्यांतील तीन चतुर्थांश, म्हणजे २३४ पत्ते वाटल्यावर पुन्हा पिसले जातात. तुम्ही एकटे बसून एक हात खेळलात, तर एका डावात तुमचा आणि डीलरचा मिळून ५.४ पत्ते जातात, म्हणून एका शूमध्ये, म्हणजे एकदा पिसून भरलेल्या पत्त्यांच्या पेटीत, सुमारे ४३ डाव होतात. दोन हात घेतलेत, तर डावाला ८.१ पत्ते लागतात आणि डाव २९ च होतात. हात मात्र ५८ होतात. म्हणजे पैज तीच ठेवली, तर एका शूमधील तुमचा सरासरी तोटा दुप्पट न होता एक तृतीयांशाने वाढतो, कारण तुमचाच दुसरा हात खेळाचा वेग कमी करतो.

आता टेबलावर तुमच्याखेरीज चार जण बसलेले आहेत असे समजू. एक हात घेतलात तर डीलरसह सहा हात, म्हणजे डावाला १६.२ पत्ते आणि शूमध्ये सुमारे १४ डाव. दुसरा हात घेतलात तर सात हात, १८.९ पत्ते आणि सुमारे १२ डाव. डाव फारसे कमी झाले नाहीत, पण तुमचे हात १४ वरून जवळजवळ २५ वर गेले. सरासरी तोटा सत्तर टक्क्यांहून अधिक वाढला.

म्हणून भरलेल्या टेबलावर कंटाळा येतो म्हणून दुसरा हात घेणे हा सर्वांत महाग पर्याय आहे. भरलेले टेबल संथ असते, आणि फायदा कॅसिनोच्या बाजूला असताना संथ खेळणे तुमच्या हिताचे असते. एकटे असताना मात्र पैज ६० टक्क्यांवर आणून दोन हात खेळलात, तर एका शूमध्ये लागणारी एकूण पैज मूळ एका हातापेक्षा कमीच भरते : ४३ डाव गुणिले १,००० म्हणजे ४३,०००, आणि ५८ हात गुणिले ६०० म्हणजे ३४,८००. दोन हात खेळणे खेळाडूच्या हिताचे ठरते अशी, निघून गेलेले पत्ते मोजून फायदा मिळवता येत नाही अशा माणसासाठी, मला सापडलेली ही एकच परिस्थिती आहे.

एका हाताचे पत्ते पाहून दुसरा हात वेगळा खेळावा का?

बहुतेक वेळा नाही. प्रत्येक हात तक्त्याप्रमाणे स्वतंत्रपणे खेळावा. पण एक जागा दाखवतो.

डीलरचा उघडा पत्ता इस्पिकचा राजा, म्हणजे किंमत दहा, आहे. तुमच्या पहिल्या हातात किलवरची दश्शी आणि बदामची छक्की, म्हणजे सोळा. दुसऱ्या हातात चौकटची पंजी आणि इस्पिकची चौकी, म्हणजे नऊ. दहासमोर सोळा हा ब्लॅकजॅकमधील सर्वांत अवघड हात आहे. पत्ता घेतला काय आणि थांबलात काय, सरासरी तोटा जवळजवळ सारखाच असतो. घेणे अगदी केसाएवढे बरे, म्हणून तक्ता 'घ्या' म्हणतो. पण सोळावर तुम्हाला तारणारे उत्तम पत्ते म्हणजे पंजी आणि चौकी, आणि त्यांतील एकेक तुमच्याच दुसऱ्या हातात पडून संपली आहे. त्या केसाएवढ्या फरकाला एवढे पुरते, आणि पारडे थांबण्याकडे झुकते. दुसऱ्या हातातील नऊवर मात्र काही बदल नाही. राजासमोर नऊवर दुप्पट न करता (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणे म्हणजे दुप्पट करणे) साधा पत्ता घ्यावा.

अशा जागा मोजक्याच आहेत आणि त्यांतून होणारा फायदा हजारामागे काही रुपयांपेक्षा जास्त नसतो. त्यांच्या मागे लागून मूळ तक्ता विसरणारे लोक मी पाहिले आहेत. पत्ते उलटे वाटले जाणाऱ्या खेळात तर पहिला हात पूर्ण खेळल्याशिवाय दुसऱ्या हाताचे पत्ते उचलू देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा हात घेतल्याने पत्त्यांचा क्रम बदलतो आणि नशीब फिरते, असे म्हणतात. खरे आहे का?

क्रम बदलतो हे खरे आहे. नशीब फिरते हे खरे नाही. पिसलेल्या पत्त्यांत पुढचा पत्ता कोणता आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे, तो तुमच्याकडे आल्याने चांगले होईल की वाईट, हेही ठरवता येत नाही. शेवटच्या जागेवरच्या माणसाने 'डीलरचा बस्ट होणारा पत्ता खाल्ला' म्हणून त्याच्यावर रागावणारे लोक जेवढ्या वेळा तो पत्ता डीलरला वाचवतो तेवढे लक्षात ठेवतात. जेवढ्या वेळा त्याने सगळ्यांना तारले, ते विसरतात.

तरीही शूच्या मध्येच दुसरा हात घेतला तर शेजारी नाराज होतात, हे वास्तव आहे. काही टेबलांवर शूच्या मध्ये नवी पैज ठेवूही देत नाहीत.

हरल्यावर दोन्ही हातांवर पैज दुप्पट करत गेलो तर शेवटी वसूल होणारच ना?

एका हातावर १,००० पासून सुरुवात करून प्रत्येक हारेनंतर दुप्पट केली, तर पाच हारांनंतर १,०००, २,०००, ४,०००, ८,००० आणि १६,००० मिळून ३१,००० गेलेले असतात आणि सहावी पैज ३२,००० ची ठेवावी लागते. दोन हातांवर हे ६२,००० आणि ६४,००० होते. टेबलावर कमाल पैजेची मर्यादा लिहिलेली असते आणि ती अशाच वेळी आडवी येते. दोन हात एकत्र हरण्याचे प्रमाण जास्त असल्याने येथे ही पद्धत आणखी लवकर कोसळते. कृपया ती वापरू नये.

डीलरसमोर एक्का असताना दोन्ही हातांचा इन्शुरन्स घ्यावा का?

घेऊ नये. इन्शुरन्स म्हणजे डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा असेल अशी वेगळी पैज आहे. तिला दोनास एक दराने पैसे मिळतात. ती बरोबरीची ठरण्यासाठी तीनांत एकदा दहा यायला हवा. सहा कॅटांत एक्का बाजूला काढल्यावर ३११ पत्त्यांपैकी ९६ दहाचे असतात, म्हणजे शंभरांत ३१ हूनही थोडे कमी. या पैजेवर सात टक्क्यांहून अधिक नाल बसते. दोन हातांचा इन्शुरन्स म्हणजे तीच चूक दोनदा. जोडीवर किंवा रंगावर लागणाऱ्या बाजूच्या पैजांनाही हेच लागू आहे.

दोन हात खेळायचे तर पैसे किती न्यावेत?

१,००० च्या दोन हातांनी शंभर डाव खेळल्यास सरासरी तोटा अचूक खेळाडूचाही सुमारे १,००० आणि प्रमाण विचलन सुमारे १८,९०० येते. याचा अर्थ साधारण चाळीस संध्याकाळींत एक अशी येते की ३८,००० किंवा त्याहून अधिक गेलेले असतात, आणि तेही एकही चूक न करता.

एका डावाचाही हिशेब धरावा. दोन्ही हातांवर अठ्ठ्यांच्या जोड्या आल्या, डीलरसमोर छक्की आहे, दोन्ही स्प्लिट केल्या आणि चारही हातांवर अकरा झाले म्हणून दुप्पट केले, तर २,००० ने सुरू झालेला डाव ८,००० वर जातो. येथे खिशात पैसे नाहीत म्हणून दुप्पट न करणे हे नुकसानच आहे, कारण छक्कीसमोर डीलर शंभरांत ४० हून अधिक वेळा बस्ट होतो. ज्याला असे ८,००० सहज ठेवता येत नाहीत, त्याची मूळ पैज मोठी आहे.

हे पैसे घरखर्चाचे, सोसायटीच्या कर्जाचे, उसाच्या बिलाचे किंवा मुलांच्या फीचे नसावेत. तसे असतील तर वरील एकही उत्तर तुमच्या उपयोगाचे नाही.

पत्ते मोजणारे लोक दोन हात का खेळतात?

कारण त्यांच्यासाठी फायद्याची दिशा काही वेळा बदललेली असते. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की लहान पत्ते बरेच निघून गेल्यावर उरलेल्या शूमध्ये खेळाडूला थोडा फायदा असतो. अशा मोजक्या डावांत जास्त पैसे टेबलावर ठेवायचे, पण चढउतार आवाक्यात ठेवायचा, तर दोन हात उपयोगी पडतात. फायदा असताना पैज किती ठेवावी हे सांगणाऱ्या जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्राने हिशेब केला, तर एका हातावर जी पैज योग्य ठरते तिच्या सुमारे ७३ टक्के पैज दोन्ही हातांवर ठेवता येते, म्हणजे एकूण पैज जवळजवळ दीडपट.

म्हणून आपल्याकडे कोणी 'मोठे खेळाडू दोन हात खेळतात' असे सांगितले, तर ते खरे असले तरी त्यांचे कारण आपल्याला लागू होत नाही. त्यातही दर हाताला पत्ते आपोआप पिसणारे यंत्र टेबलावर असेल, तर मोजण्याला अर्थच उरत नाही.

मी आणि माझा भाऊ एकाच टेबलावर एकेक हात खेळलो तर?

पैसे एकाच घरातून आले असतील, तर गणित तेच, कारण डीलर एकच. धोका खरोखर वाटायचा असेल, तर दोघांनी दोन वेगळ्या टेबलांवर बसावे. तेथे दोन विहिरी होतात.

कायद्याचे काय? बेळगावातच खेळले तर?

कर्नाटकात जुगाराचा अड्डा चालवणे आणि त्यात खेळणे हा कर्नाटक पोलीस अधिनियम, १९६३ खाली गुन्हा आहे आणि पैसे लावून खेळलेला ब्लॅकजॅक त्यातून सुटत नाही. दिवाळीत ओळखीच्या घरी बसलेला फडही पैशांचा आणि नाल काढणारा झाला की अडचणीत येऊ शकतो. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने देशभर बंदी आणली आहे, त्यामुळे 'ॲपवर दोन हातांचा सराव करतो' असे म्हणत पैसे भरू नयेत.

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कॅसिनोंना मुभा आहे. डीलर समोर पत्ते वाटतो असे टेबल नदीतील बोटींवर असते आणि जमिनीवरील पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ असतात. खेळण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते, म्हणून ओळखपत्र बरोबर न्यावे.

कर किती लागतो?

जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के आणि त्यावर उपकर लागतो, आणि एका हातावर हरलेली रक्कम दुसऱ्या हातावरील जिंकलेल्या रकमेतून वजा करून दाखवता येत नाही. त्याशिवाय वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. हा कर प्रत्येक डावावर लागत नाही, चिप्स घेताना लागतो. तो तुमच्याकडून कसा घेतला जातो हे खिडकीवरच विचारावे. करासह १०,००० भरून हातात ७,१४० च्या आसपास चिप्स पडत असतील, तर अर्ध्या टक्क्याच्या नालीचा आपला सगळा हिशेब या एका आकड्यापुढे फार लहान आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगावे लागते.

पैसे न लावता हे सगळे घरी पाहता येईल का?

येईल आणि तसे जरूर करावे. मी खडेबाजारातून सारख्या पाठीचे सहा कॅट आणले, जोकर काढून टाकले आणि पुतण्यासह चटईवर बसून ते एकत्र पिसले. ३१२ पत्ते हातात मावत नाहीत, म्हणून सहा ढीग करून आलटून पालटून मिसळावे लागले. चिप्सच्या जागी चिंचोके ठेवले. चौकडीच्या वहीत तीन रकाने आखले : पहिला हात, दुसरा हात, डीलर. डीलर बस्ट झाला की त्या ओळीला लाल शाईने खूण करायची, असे ठरले.

तीन संध्याकाळी खेळल्यावर पुतण्याने वही लांब धरली आणि काही न मोजता म्हणाला, "काका, लाल खुणेच्या ओळीत दोन्हीकडे जिंकलेलेच दिसतात की!" सहसंबंध हा शब्द त्याला मी चार वेळा समजावला होता. तो त्या पानावर समजला.

खेळ आवरत नाही असे वाटू लागले तर कोणाशी बोलावे?

एक हात पुरेनासा होऊन दोन, मग तीन, अशी गरज वाटू लागणे हे स्वतःच एक लक्षण आहे. घरच्यांपासून रक्कम लपवणे हे दुसरे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो निःशुल्क असून दिवसरात्र चालू असतो. प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचे असेल, तर धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे डिमहान्स, आपल्याला जवळ आहे. तेथे जाणाऱ्याला वेडा समजण्याची आपल्याकडची जुनी खोड घरच्यांनी टाकावी. मी ज्या कुटुंबाला हा रस्ता सुचवला, त्यांनी दोन वर्षे केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून घालवली आणि तेवढ्यात खानापूरकडची जमीन गेली.

दोन हात खेळत असताना मध्येच एक सोडता येतो का?

डाव सुरू झाल्यावर नाही. ठेवलेली पैज उचलता येत नाही. सरेंडरची सोय असलेल्या टेबलावर अर्धी पैज देऊन एखादा हात सोडता येतो, तेवढाच अपवाद. डाव संपल्यावर मात्र पुढच्या वेळी दुसरी चौकट रिकामी ठेवली की झाले, कोणाला काही सांगावे लागत नाही. खेळताना प्रत्येक हाताची खूण वेगळी करावी : पत्ता हवा असेल तर त्या हातापुढे बोटाने टेबलावर टकटक आणि थांबायचे असेल तर तळवा आडवा फिरवायचा. तोंडी 'बस' म्हटलेले डीलर धरत नाही, आणि दोन हातांच्या मधोमध केलेली खूण कोणत्या हाताची, यावरून वाद होतो.